ओठ फुटायचे थांबले

आज केमिस्टकडे माशाच्या तेलाची बाटली फुटली आणि त्या वासाने मला कॉलेजचं दुसरं वर्ष आठवलं. चेहरा पुटकुळ्यांनी भरलेला. ठाण्याच्या डॉक्टरांनी बाटलीत मऊ कॅप्सूल दिलेल्या. ओठ फुटतील, आणि औषध चालू असताना दिवस जाता कामा नयेत, असं आईसमोर बजावलेलं. मी हसलेले, लग्नच कुठे झालं होतं. ओठ फुटले, रोज तूप लावायचे, पण गाल निवळायला लागले. मग एकदा गोळ्यांचा रंग बदलला. "नव्या कंपनीच्या आहेत गं," आई म्हणाली. हळूहळू ओठ बरे झाले, पुटकुळ्या परतल्या, आणि एका दुपारी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर मला ढेकर आला तो मासळीच्या वासाचा. घरी येऊन विचारलं. गवार मोडता मोडता आई म्हणाली, "बाटलीत मीच माशाच्या तेलाच्या भरल्या. डॉक्टरांच्या त्या गोळ्यांनी पुढे मूल राहत नाही म्हणे. चेहऱ्याला काय, पावडर लावता येते." आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. तिथे तिने मला दोन महिने मासा खाऊ घातला, पण एका शब्दाने विचारलं नाही. आता तिच्या गोळ्या मी देते. गोळी हातावर ठेवली की ती न बघता गिळते.