काच फोडण्याआधीचा फोन

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण एका मोटारीच्या फुटलेल्या काचेची केस मात्र काल घडल्यासारखी डोळ्यांसमोर उभी राहते. माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि संभाजीनगर शहरातल्या एका गर्दीच्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो.

आमच्या हद्दीत मोठ्या रस्त्याला लागून विजेच्या गाड्यांचं एक चार्जिंग केंद्र होतं. तिथून गुलमंडी आणि शहागंज हे बाजार रिक्षाने अगदी जवळ. गुलमंडीत मोटार घालायची म्हणजे मांजराने मडक्यात डोकं घालायचं. आत जातं, बाहेर निघत नाही. म्हणून बाहेरगावचे लोक गाडी इथे चार्जिंगला लावत आणि रिक्षाने बाजारात जात. पण केंद्रावर यंत्रं दोनच. मागून येणाऱ्याचा खोळंबा होई, मग भांडणं. तिथल्या राखणदाराने त्यावर तोडगा काढला होता. सगळे त्यांना चाचा म्हणत. गाडी लावणाऱ्याने आपला मोबाईल नंबर चिठ्ठीवर लिहून काचेआतून दिसेल असा ठेवायचा. मागच्याने फोन करून विचारायचं, किती वेळ? पुढच्याने खरं काय ते सांगायचं. भांडणं थांबली. आमच्याकडे माणूस तोंडाने कितीही तिखट असला, तरी कुणी अदबीने विचारलं की लगेच पाघळतो.

त्या उन्हाळ्यात या केंद्रावर काचा फुटू लागल्या. आधी एका डॉक्टरांचा लॅपटॉप गेला, मग एका व्यापाऱ्याची बॅग. दोन्ही चोऱ्या भर दुपारच्या. सीसीटीव्हीत हेल्मेट घातलेला एक माणूस शांतपणे गाडीजवळ येताना दिसायचा. गाडीचा भोंगा वाजायचा, पण आपल्याकडे गाडीच्या भोंग्याला कोण मान वर करून बघतो?

तिसरी तक्रार घेऊन एक जोडपं आलं. नवऱ्याचं अजिंठ्याकडे ठिबकच्या सामानाचं दुकान, घरी शेती. बायकोच्या मांडीवर चारेक वर्षांची मुलगी. काच फोडून मागच्या सीटवरची बॅग नेली, असं त्याने सांगितलं. मी त्या दिवशी आधीच तापलेलो होतो.

"बॅग सीटवर ठेवून बाजारात जाता? चोराला अक्षता द्यायच्याच तेवढ्या राहिल्या की!" मी बोललो.

बायको म्हणाली, "साहेब, बॅगीत हिचे कान होते."

मला कळेना. मग तिने मुलीचे केस बाजूला करून कानामागची शस्त्रक्रियेची खूण दाखवली. मुलगी जन्मापासून बहिरी. ऑपरेशन करून आतला भाग बसवला होता. बाहेरचं यंत्र चुंबकाने डोक्याला चिकटायचं, तेव्हाच तिला ऐकू यायचं. बोलायला शिकवण्यासाठी दर आठवड्याला तिला शहरात आणावं लागे. त्या खेपांसाठीच त्यांनी विजेची गाडी घेतली होती. त्या दिवशी शिकवणी संपल्यावर मुलगी झोपली. झोपताना यंत्र काढतात, तसं आईने ते काढून डबीत ठेवलं. गुलमंडीच्या गर्दीत कुठे पडू नये म्हणून डबी बॅगेत आणि बॅग गाडीत. जिवापाड जपायचं म्हणूनच त्यांनी ते तिथे ठेवलं होतं.

"नवीन मागवायला कित्येक महिने लागतेत म्हणं," नवरा म्हणाला. "आत्ता कुठं 'आई' म्हनायला लागली होती. ऐकायचं थांबलं की बोलणंबी थांबतं, शिकवनाऱ्या मॅडम म्हनल्या."

मुलगी माझ्या टेबलावरच्या घंटीवर एकसारखा हात मारत होती. घंटी वाजत होती. ती मात्र आईच्या तोंडाकडे बघत होती. मघाशी बोललो ते मला माझंच बोचलं.

गुन्हा दाखल केला, पंचनामा झाला. एरवी अशा केसमध्ये मी चोराच्या मागे असतो, मुद्देमाल नंतर. इथे उलटं होतं. चोराला ती डबी काय कामाची? तो ती एखाद्या नाल्यात भिरकावणार आणि पुढे जाणार. त्याआधी आम्हाला पोचायचं होतं.

दरम्यान, गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागूनही गेला होता. चाचा चोराला सामील आहेत! केंद्राच्या मालकाने त्यांना पुढच्या आठवड्यापासून येऊ नका, असं सांगितलं. एक वजनदार गाडीवाले माझ्या केबिनमध्ये येऊन म्हणाले, "त्याला आत घ्या साहेब, पोपटासारखा बोलेल."

"पोपट शिकवलेलंच बोलतो," मी म्हणालो. "मला न शिकवलेलं ऐकायचंय."

तरी चौकशी करणं भाग होतं. चाचांना बोलावलं. चहा पुढे ठेवला, तो त्यांनी बाजूला सारला.

"चाय नक्को साब. पूछो जो पूछना है."

मी दुपारभर विचारत राहिलो. उलटसुलट, पुन्हा पुन्हा. तू कुठे होतास, कुणाशी बोललास, कुणावर संशय आहे? शेवटच्या प्रश्नावर मी नेहमी माणसाच्या चेहऱ्याकडे बघतो. मनात पाप असलं की माणूस दुसऱ्या कुणाचं तरी नाव घाईने पुढे करतो. चाचांनी एकही नाव घेतलं नाही.

"किसका नाम लेऊं साब? देखा नहीं तो कैसा बोलूं? मेरेकू बंद करना तो करो. पर उस बच्ची का मशीन ढूंडो."

मी त्यांना घरी सोडलं. वरिष्ठांनी कारण विचारलं. चाचांच्या विरुद्ध काही नाही, एवढंच मी सांगितलं. ते पटलं की नाही, कोण जाणे.

खबर आली ती शहागंजातून. तिथे मोबाईल दुरुस्त करणारा एकजण आमचा जुना खबऱ्या. त्याने फोन केला, "साब, एक बंदा चुंबकवाला कुछ लेके आया था. बोला हेडफोन है. मैं बोला, ये कान का मशीन है, मेरे काम का नहीं. वापस लेके गया."

ऐकून आनंद झाला आणि पाठोपाठ धास्तीही वाटली. यंत्र अजून शाबूत होतं. पण ते कुणी घेणार नाही हे आता चोरालाही कळलं होतं. खबऱ्याला ना त्याचं नाव माहीत, ना पत्ता. चेहरा रुमालात.

मी जोडप्याला पुन्हा बोलावलं. गाडी लावली तिथपासून फुटलेली काच दिसली तिथपर्यंत, जे जे झालं ते सगळं सांगा, क्षुल्लक वाटलं तरी, असं म्हणालो. नवरा सांगत गेला. मध्येच बायको म्हणाली, "अन् साडीच्या दुकानात तुमाला फोन आला व्हता की."

"तो व्हय? तो चार्जिंगवाल्याचा."

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"लई चांगला बोलला, साहेब. दादा, मलाबी गाडी लावायचीय, तुमाला किती टाईम लागंल? म्या म्हनलं, आमी गुलमंडीत हाव, पाऊण तास तरी लागंल..." बोलता बोलता त्याचा आवाज खाली गेला. "म्या त्याची माफी मागितली, साहेब. उशीर व्हतोय म्हनून."

मी डॉक्टरांना फोन लावला, मग व्यापाऱ्याला. दोघांनाही तसाच फोन आला होता. दोघांनीही आपण कुठे आहोत, किती वेळात येऊ, हे अगदी इमानदारीने सांगितलं होतं. तक्रारीत मात्र कुणी लिहिलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. तसे फोन तिथे रोज येत.

नंबरांची माहिती काढली. दर वेळी सिम वेगळं, भलत्याच माणसाच्या नावावर, आणि चोरीनंतर बंद. मागे जाण्याचा रस्ता नव्हता. मग त्यालाच आमच्याकडे बोलवायचं ठरलं.

एका ओळखीच्या माणसाची विजेची गाडी मागून घेतली, केंद्रावर चार्जिंगला लावली, मागच्या सीटवर बॅग ठेवली आणि काचेआत नव्या नंबरची चिठ्ठी. चाचांना सांगितलं, रोजच्यासारखं बसायचं, आमच्याकडे बघायचं नाही. एक हवालदार बाजूच्या रसवंतीवर, दुसरा पंक्चरच्या दुकानात. मी समोरच्या औषधाच्या दुकानाच्या माडीवर.

प्रश्न एकच होता, फोन कोण उचलणार? आमच्या महिला शिपायाची रंगीत तालीम घेतली. फोन वाजताच ती खेकसली, "कोण बोलतंय? पूर्ण नाव सांगा!" सगळे हसले. खाकी अंगावरून उतरते, आवाजातून उतरत नाही. तेव्हा मुलीची आई म्हणाली, "मी बोलते."

मग ते तिघंही माझ्याबरोबर माडीवर बसले. पहिला दिवस वाया गेला. फोन आले ते खऱ्या गाडीवाल्यांचे. दुसऱ्या दिवशीही दुपार तशीच सरत चालली. वर पत्र्याखाली जीव उकडत होता. डबी आत्तापर्यंत नाल्यात गेली असेल, हा विचार मी बाजूला सारत होतो आणि तो पुन्हा येत होता. मुलगी आईच्या पायाशी झोपली होती.

फोन वाजला. आईने तो स्पीकरवर टाकला.

"ताई, नमस्कार. तुमची गाडी चार्जिंगला आहे ना? मला पण लावायची होती. साधारण किती वेळ?"

मधासारखा आवाज. खिडकीच्या फटीतून मला तो दिसला. रस्त्यापलीकडे, मोटारसायकलजवळ, हेल्मेट घालून, फोन आत खुपसलेला. मुलीच्या बापाने मुठी आवळल्या होत्या. मी त्याच्या खांद्यावर हात दाबून ठेवला.

"व्हय दादा," ती म्हणाली. "आमी शहागंजात हाव. अर्धा तास लागंल बघा."

आम्ही पढवलेलं इथे संपत होतं. तिने फोन ठेवायचा होता. पण तिच्या तोंडून आणखी एक वाक्य निघालं.

"अन् लई ऊन हाय, दादा. सावलीत थांबा. आमी येतोच."

तो तसाच उभा राहिला. त्याला संशय आला, सगळं फिसकटलं, असं मला वाटलं. मग त्याने फोन खिशात टाकला, रस्ता ओलांडला, गाडीत वाकून पाहिलं. काच फुटल्याचा आवाज झाला आणि माझी दोन्ही माणसं धावली. तो पळाला, पण शेजारच्या गाडीच्या चार्जिंगच्या जाड वायरीत पाय अडकून तोंडावर आपटला.

पंचविशीतला, नीटनेटका पोरगा निघाला. आधी एका कंपनीत फोनवर ग्राहकांशी बोलायची नोकरी करायचा. गोड बोलायचा पगार बंद झाला, तेव्हा गोड बोलूनच त्याने हा धंदा काढला होता.

या गाडीपुरतं त्याला नाकारता येत नव्हतं. आधीच्या चोऱ्यांबद्दल मात्र त्याने तोंड उघडलं नाही. कबूल केलं की गुन्हे वाढतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या खोलीची झडती घेतली, काही सापडलं नाही. मी दरडावलं, समजावलं, लॅपटॉप राहू दे, फक्त डबी सांग म्हणालो. "माहीत नाही साहेब," एवढंच अदबीने. संध्याकाळ होत आली. माझा संयम सुटायच्या बेताला आला होता.

तेवढ्यात त्यानेच विचारलं, "साहेब, फोनवरच्या त्या ताई कोण होत्या? पोलीस होत्या?"

"का?"

"इतक्या जणांना फोन केले. सावलीत थांबा, असं कुणी म्हणालं नव्हतं."

मी खुर्ची पुढे ओढली. "ती पोलीस नाही. तू विकायला नेलेलं यंत्र जिच्या पोरीचं, ती आई आहे. पोरीला त्याच्याशिवाय काही ऐकू येत नाही. तिला माहीत होतं, पलीकडे तूच आहेस."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मित्राच्या गच्चीवर जुना कूलर आहे. त्याच्या आत."

दोन पंचांसमोर त्याचं निवेदन लिहून घेतलं आणि त्यांना घेऊनच गच्चीवर गेलो. कूलरच्या वाळलेल्या गवतामागे लॅपटॉप होता आणि ती छोटी डबीही. माझा हवालदार दांडगा गडी, पण ती उचलताना त्याने दोन्ही हात पुढे केले, जसं देवळात तीर्थ घेताना करतात.

मुद्देमाल कोर्टाच्या आदेशाशिवाय देता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्ज लावला, न्यायाधीशांनी तो तातडीने मंजूर केला. ठाण्यात आईने यंत्र मुलीच्या डोक्याला लावलं. आम्ही सगळे कामं सोडून उभे. तेवढ्यात कोपऱ्यातला वायरलेस खरखरला, कंट्रोल रूमचा आवाज आला. मुलीने झटकन मान वळवली, वायरलेसकडे बोट केलं आणि आईकडे बघून म्हणाली, "आई!" तिचा बाप बाहेर निघून गेला. मीही एक फाईल उगाच उघडून बसलो.

मी नंतर त्या आईला विचारलं, सावलीचं का बोललात?

"तोंडातून निघून गेलं, साहेब," ती ओशाळून म्हणाली. "कुणी उन्हात हुबं असलं की म्हनतोच ना आपण."

चाचांची नोकरी टिकली. ग्रुपवर कुणी त्यांची माफी मागितली नाही, माणसं तशीच असतात. चिठ्ठ्या बंद करा, असंही काहींनी सुचवलं. मी म्हणालो, चिठ्ठ्या राहू द्या. फक्त आपण कुठे आहोत आणि किती वेळाने येऊ, ते अनोळखी माणसाला सांगू नका. 'येतो' म्हणा आणि खरंच जा. आणि सीटवर बॅग काय, रिकामी पिशवीसुद्धा ठेवू नका.

आयुष्यभर मला वाटायचं, माणूस बोलता होतो तो धाकाने, नाहीतर पुराव्याने. त्या केसने तिसरी गोष्ट शिकवली. लोकांच्या भलेपणावर त्या पोराने धंदा मांडला होता आणि शेवटी त्यातच तो अडकला.

आता माझ्याकडेही विजेची गाडी आहे. चाचांच्या केंद्रावर लावतो, चिठ्ठी ठेवतो, बॅग बरोबर घेऊन फिरतो. कुणाचा फोन आला तर कुठे आहे ते अजिबात सांगत नाही, येतोच म्हणतो. पण फोन ठेवण्याआधी, पलीकडचा कोणीही असो, मी त्याला सावलीत थांबायला सांगतो.