खंडेनवमीचा रिकामा पाट

खंडेनवमीला नातू मोटारसायकलला झेंडूची माळ घालतो, आणि त्या वासानं मी बेळगावच्या जुन्या शेडमध्ये जाऊन पोचतो. स्वराज्य यायच्या आधी तिथं आम्ही सुतार प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारींवर सागवानी बॉडी चढवायचो. शेडच्या मालकांना मालक कुणी म्हणायचं नाही, सगळे अण्णाच म्हणायचे.

करवतीत बोटं गेली म्हणून अण्णांनी आमच्यातल्या भीमाप्पाला कामावरून काढलं. हत्यारं आमची स्वतःची होती. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ती सगळी घरी नेली. सकाळी अण्णा पूजेचं ताट घेऊन उभे, आणि पाटावर नुसती फुलं.

“हत्यारं कुठं हाईत रं?”

“घरात हाईत, मालक,” मी म्हणालो. “भीमाप्पाला कामावर घ्या, मग आणतो.”

अण्णा पाटाकडं न बघता माझ्याकडंच बघत राहिले. ताटातला कापूर जळून विझला.

दसऱ्याच्या सकाळीच भीमाप्पाला परत घेतल्याचा निरोप आला. आम्ही लई खुशीत होतो. संध्याकाळी अण्णांच्या हातात आपट्याची पानं देत मी सवयीनं म्हणालो, “सोनं घ्या, अण्णा.”

त्यांनी पानं कपाळाला लावली आणि हळूच म्हणाले, “मालकच म्हण रं आता.”