कर्ज त्यांचं, पगार उदगीरला

दि. ७ सप्टेंबर २०१६ रोजी उदगीरच्या एका बँकेत दानम्मा शिवप्पा हुडगे यांच्या बचत खात्यावर ५२,८४७ रुपये जमा झाले. पासबुक भरून झाल्यावर दानम्मा थेट आमच्या घरी आल्या.

"भाऊ, ह्ये बगा की. हेनी चाळीस म्हनून गेलते. वरचे कुनाचे आले? उद्या परत मागतेल."

मी पाहिलं. पाठवणारी कंपनी पुण्याची होती आणि रक्कम बरोबर होती. पगारावर परदेशाचा भत्ता धरलेला होता. तुमचेच आहेत म्हटल्यावर त्या खाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "वरीस झालं पगार बगून. कसा असतो ते इसरलेच होते."

दानम्मांचे यजमान शिवप्पा आमच्या साखर कारखान्यातले पॅनमन. देवणीच्या रस्त्यावर आमचा सहकारी कारखाना होता. मी लेखा विभागात, ते पॅनवर. ज्यांनी साखर होताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस आटवून पाक करतात आणि तो पाक पॅन नावाच्या भल्यामोठ्या बंद भांड्यात वाफेवर शिजवतात. शिजता शिजता त्यात साखरेचा दाणा धरतो. दाणा धरायची वेळ चुकली तर पोतं भरतं, पण ते भाव खात नाही. शिवप्पा काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचे, उजेडाकडे धरायचे, मग दोन बोटांत ताणून बघायचे. विशीच्या आत ते पॅन धुवायला लागले आणि तिथेच शिकले.

"तुमी आकौंटवाले पोती मोजा," ते मला म्हणायचे. "पोत्यात साखर भरायची का माती, ते आमी ठरिवतो."

२०१५ साली पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला. ऊस नव्हता, म्हणून हंगाम निघालाच नाही. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. लोकांनी टाकीच्या डब्यांना हार घातले. पुढे त्या पाण्याचं बिल आल्याची बातमी पेपरात आली. ते भरलं की माफ झालं, मला ठाऊक नाही. आमच्या गेटवर तेव्हा कामगार सकाळी यायचे, लिंबाखाली बसायचे आणि दुपारी घरी जायचे. शिवप्पा मात्र आत जाऊन पॅनची काच पुसून यायचे. बंद पॅनची.

पुण्याची एक कंपनी बंद कारखान्यांतली माणसं गोळा करत होती. आफ्रिकेतल्या एका देशात नवा साखर कारखाना उभा राहत होता. देशाचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून त्या देशात दुसऱ्या कामांवर आहेत. चाचणी घेऊन द्यायची, आणि कारखाना चालला तर पुढची तीन वर्षं चालवायलाही हीच माणसं, असं ठरलं होतं.

"चोपन्नाव्या वर्षी कुठं निघालात?" मी विचारलं.

"पगाराचं ऱ्हाऊ द्या साहेब. एक सीझन पाहिजे मला. पुरा सीझन. बंद पॅनचा मानूस म्हनून रिटायर व्हायचं न्हाई."

त्यांना हवं होतं ते एवढंच.

दानम्मांच्या खात्यावर आलेल्या पगाराच्या कर कपातीचा दाखला हवा होता म्हणून मी पुण्याच्या कंपनीत फोन केला. तिथल्या हिशेबनिसाने ओळख निघाल्यावर सगळं समजावून सांगितलं. तो कारखाना आपल्या सरकारने त्या देशाला दिलेल्या कर्जातून होत होता. रोख रक्कम त्या देशात जात नाही. तिथले अधिकारी बिलावर सही करतात आणि पैसे इथे, कंपनीच्या खात्यात येतात. यंत्रं आपलीच घ्यायची, माणसं बहुतेक आपली. यात बेकायदा काही नाही, मदत देणारे पुष्कळ देश असंच करतात. पण मी वाणिज्य शाखेचा माणूस. फोन ठेवल्यावर नोंद मनात मांडून पाहिली. कर्ज त्यांच्या नावावर, पैसे पुण्याला, आणि त्यातले ५२,८४७ उदगीरला.

रविवारी शिवप्पांचा फोन यायचा. पहिल्याच फोनवर ते खूश होते. "लई भारी कारखाना हाय साहेब. पॅन असं चमकतंय, त्यात तोंड बगून दाढी करावी."

"आणि ऊस कसा आहे?"

"आजून बगितला न्हाई."

दुसऱ्या महिन्यातही त्यांनी ऊस बघितलेला नव्हता. आमच्या भागातल्या माणसाला ही गोष्ट सुचूच शकत नाही. इथे कारखान्याचा पाया खणायच्या आधी ऊस लावलेला असतो. दर हंगामात आमचा ऊस आधी न्या म्हणून चेअरमनच्या दारात भांडणं होतात. ऊस कुठून येणार, हा प्रश्न तिकडे गेलेल्या एकाही इंजिनिअरने, फिटरने किंवा पॅनमनने निघण्यापूर्वी विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता.

खुलासा सॅम्युअलकडून झाला. हा चोवीस वर्षांचा तरुण, शिवप्पांच्या हाताखाली शिकायला दिलेला. कारखान्याच्या प्रकल्प अहवालात लिहिलं होतं की आसपासची गावं ऊस लावतील. गावं कसावा लावत होती, म्हणजे आपण ज्याचा साबुदाणा करतो ते कंद. कंद उपटून त्याच दिवशी पोराबाळांना खाऊ घालता येतो. उसाला वर्ष लागतं. वर्षभर खायचं काय? बेण्याला पैसे कोण देणार? कर्जात यंत्रांचे पैसे होते, लागवडीचे नव्हते. ते त्या सरकारने आपल्या खिशातून घालायचे होते.

सॅम्युअलचा बाप पूर्वी सरकारी शेती खात्यात होता. गावोगाव फिरून लोकांना बियाणं द्यायचा. पंधरा वर्षांपूर्वी त्या देशाचं जुनं कर्ज माफ झालं तेव्हा खर्च कमी करण्याची अट होती आणि बापाची नोकरी गेली. आता गावांना ऊस लावा म्हणून सांगायलाही खात्यात माणूस नव्हता. शिवप्पांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे त्या माफीनं वाटोळंच केलं की."

"तसं न्हाई साहेब. त्याच माफीत शाळंची फी बंद झाली. म्हनून तर सॅम्युअल शिकला. नसता शिकला तर माझ्याजवळ कसा आला असता?"



गेटवर ग्रेस नावाची बाई भात आणि मासे विकायची. सगळे तिला आंटी म्हणत. शिवप्पा लिंगायत, गळ्यात लिंग. त्यांनी मासे नको म्हटल्यावर तिने विचारलं, "तुमच्या देशात मासे नाहीत, का पैसे नाहीत?" मी लिंगायत आहे, असं शिवप्पांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, तर ती गंभीर होऊन म्हणाली, "त्याच्यावर औषध आहे का?" पुढे ती त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात शेंगदाण्याचं कालवण करू लागली. दानम्मांनी दिलेलं काळं तिखट तिने एकदा चाखलं आणि अंगणात तीन फेऱ्या मारल्या. हे सांगताना शिवप्पा फोनवर इतके हसले की मला दोनदा "हॅलो" म्हणावं लागलं.

फेब्रुवारीत चाचणी झाली. लांबच्या भागात दारू गाळणाऱ्यांसाठी थोडा ऊस व्हायचा. तो जास्त भाव देऊन ट्रकने आणला. मंत्री आले, फीत कापली. शिवप्पांनी मोळीला हळद-कुंकू लावलं. हळद तिथे मिळाली, कुंकू त्यांच्या बॅगेत होतं. तिसऱ्या दिवशी दाणा धरला. त्यांनी काचेची पट्टी सॅम्युअलच्या हातात दिली आणि उजेडाकडे धरायला लावली. गरम साखर आंटी ग्रेसने कमरेच्या कापडात घेऊन गावात वाटली. गावाने तोवर बोटीने आलेलीच साखर खाल्ली होती.

चौथ्या दिवशी ऊस संपला.

ऊस संपला की कारखान्याचा विस्तव संपतो. पिळलेल्या उसाचा भुसा जाळूनच बॉयलर चालतो. त्या वेळी पॅन अर्धा शिजलेला होता. वाफ गेली तर आतला पाक गार होऊन दगडासारखा बसतो आणि मग छिन्नी-हातोडा घेऊन माणसं आत उतरवावी लागतात. नवा पॅन त्यात कायमचा खराब होऊ शकतो. पण चाचणी यशस्वी झाल्याच्या दाखल्यावर त्याआधीच सही झाली होती. दाखला मिळाला म्हणजे कंपनीचा शेवटचा हप्ता सुटला. दुसऱ्या दिवशीची विमानाची तिकिटं काढलेली होती.

"हुडगे, चला. आपलं काम झालं," मॅनेजर म्हणाले.

"पॅन असं सोडून?"

"पॅन त्यांचं आहे आता."

"त्येंचं हाय म्हनूनच. पुढच्या सीझनला मलाच शिजवायचं हाय न्हवं त्यात?"

ते गाडीत बसले नाहीत. पॅनमधला पाक पातळ करून काढण्यापुरती वाफ हवी होती आणि त्यासाठी लाकूड हवं होतं. गावात लाकूड होतं ते बायकांचं. मासे धुरावर वाळवण्यासाठी त्यांनी वर्षभराचं गोळा करून ठेवलेलं. आंटी ग्रेसने आपला साठा दिला आणि शेजारणींचा आपल्या शब्दावर मिळवून दिला. तीन ट्रॉल्या. आपल्या पैशात साडेअकरा हजार. कंपनी देईल, असं शिवप्पांनी सांगितलं. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पॅन धुऊन स्वच्छ झाला. आठवड्याने ते आले ते स्वतःच्या पैशाचं तिकीट काढून.

कंपनीला पत्र मीच लिहून दिलं, लाकडाच्या खर्चाचा तपशील जोडून. उत्तर आलं की हा खर्च दाखल्याच्या तारखेनंतरचा असून कामाच्या यादीत नाही. हिशेबाच्या दृष्टीने उत्तर बरोबर होतं. मीही त्या खुर्चीत असतो तर तेच लिहिलं असतं.

"तिनं शेजारनींना शब्द दिलाय साहेब," शिवप्पा म्हणाले. "मी तिला दिला, तिनं त्येंना दिला."

दुसऱ्या वर्षी निलंग्याचा एक फिटर त्याच देशात बंदराच्या कामावर निघाला. शिवप्पांनी त्याच्याकडे सात हजार दिले. त्याने ते पोचवले आणि आंटीचा निरोप आणला. शेजारणींचे भागले, माझे राहिलेत. ते कारखाना सुरू झाल्यावर स्वतः आणून द्या, तुमच्यासाठी भांडं वेगळं ठेवलंय.

हंगाम सुरू होईल म्हणून शिवप्पा वाट बघत राहिले. इकडे आमचा कारखाना विकला गेला. मी नांदेडला एका खाजगी फर्ममध्ये हिशेब बघू लागलो. शिवप्पा मुदखेडजवळ गुळाच्या पावडरीच्या कारखान्यावर लागले. तिथे उघड्या कढया असतात, पॅन नसतो. आफ्रिकेत ऊस लावायला कधी पैसे नव्हते, कधी सरकार बदललं, मग कोरोना आला. सॅम्युअलला चौकीदाराचं काम दिलं होतं. तो महिन्यातून एकदा पॅनची काच पुसून फोटो पाठवायचा. पुढे त्याचा पगार थकला आणि तो आखातात गेला. त्यानंतर त्याचा नंबर लागला नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात शिवप्पा डोळे दाखवायला नांदेडला आले. स्टेशनसमोर चहा घेताना मी त्यांना बातमी वाचून दाखवली. त्या देशाने दोन वर्षांपूर्वी कर्जाचे हप्ते थांबवले होते. आता कर्ज देणाऱ्या देशांनी बसून काही व्याज सोडलं, बाकीचे हप्ते पुढे ढकलले.

शिवप्पांनी कप खाली ठेवला. "म्हंजे आता चालू होईल?"

"कर्ज सोडलं म्हणजे हप्ता वाचतो, शिवप्पा. ऊस लावायला पैसे वेगळे लागतात."

"मंग माफी कशाला करतेत?"

"हप्ता वाचला तर दवाखान्यात औषध येईल. शाळा चालेल. हे काही कमी नाही."

"कमी न्हाईच. मी कुठं कमी म्हनलं?" त्यांनी कप पुन्हा उचलला. "पन आपल्या कारखान्याचं बी तीनदा माफ झालतं की व्याज."

ते खरं होतं. तिन्ही वेळा कागद मीच तयार केले होते. दोनदा काही उपयोग झाला नाही. एकदा झाला, त्या वर्षी पाऊस चांगला पडला आणि दाराशी ऊस होता. माफीने बुडता माणूस वर येतो, पण पोहायला शिकत नाही, असं मी कामगारांना ऐकवायचो. आता वाटतं, त्या देशाला ज्या पैशासाठी माफी मिळाली तो पैसा तिकडे फारसा गेलाच नव्हता. कारखान्यासाठी ओढलेली विजेची लाईन राहिली, तिच्यावर गावात दिवे लागले आणि आंटीने म्हणे मासे ठेवायला थंड पेट्या घेतल्या. बाकीचा इकडेच फिरला. त्यातून दानम्मांच्या घरावर स्लॅब पडला आणि मंजुश्रीचं, त्यांच्या मुलीचं, नर्सिंग झालं. माफी तिकडे झाली, फायदा आधीच इकडे झाला होता.

या वर्षी जानेवारीत गावी परतलेल्या निलंग्याच्या त्या फिटरने कुणाकडून तरी ऐकून कळवलं की कारखाना भंगारात विकायला काढला आहे. पॅन कापून नेला. मी मुदखेडला जाऊन सांगितलं. शिवप्पा कढईपाशी उभे होते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्याचं ऑपरेशन झालेलं.

"कापून?" त्यांनी एवढंच विचारलं. मग म्हणाले, "धुवून ठिवलेलं होतं ते."

पुरा हंगाम त्यांना पुन्हा मिळाला नाही. ते आता त्रेसष्ट वर्षांचे आहेत.

त्यांनी आंटीचे राहिलेले पैसे काढून माझ्याकडे दिले आणि पाठवायला सांगितलं. मी नांदेडच्या दोन बँकांत विचारलं. बाईचं खातं नाही, आडनाव माहीत नाही, पत्ता म्हणजे कारखान्याचं गेट, आणि ते गेट आता नाही. पैसे मी शिवप्पांना परत केले. आंटी ग्रेस यांचे लाकडाचे चार हजार पाचशे रुपये देणे बाकी आहे.