वरचे दात आधी

धुरपदाबाई बुऱ्हाणपूरच्या साऱ्या सिंधीपुऱ्यात फटकळ म्हणून नावाजलेली. मुलींच्या शाळेत ती चपराशीण, पण हेडबाईसुद्धा तिच्या तोंडी लागत नसत. गेली दोन वर्षं मात्र थंडी पडली की ह्या वाघिणीची पार शेळी व्हायची. कारण थंडीत नागपूरहून श्रीकांत डॉक्टर यायचे.

डॉक्टर भला माणूस हो! वाढत्या वयात चेहरा कसा बदलतो, जबडे कसे वाढतात, दात वेडेवाकडे का येतात, हे त्यांना शोधायचं होतं. म्हणून दरवर्षी त्याच चाळीस मुली. गरम पाण्यात मऊ केलेला मेणासारखा गोळा तोंडात दाबायचा, ठसा घ्यायचा, मग त्यात प्लास्टर ओतायचं. पाणी तापवायला धुरपदाबाई. टेबलावर एकेकीचे आधीच्या वर्षांचे पांढरे जबडे मांडलेले असत, आणि त्या चाळिसांत धुरपदाबाईची लेक मालूही होती.

मालूचे खालचे दात वरच्यांच्या पुढे. पहिल्या साली थोडेसे, दुसऱ्या साली चांगलेच. "हिचा खालचा जबडा जोरात वाढतोय," डॉक्टर सहज म्हणाले. इतकी वर्षं झाकलेलं पाप पोरीच्या तोंडातून आपणहून बाहेर यायला लागलं, असंच धुरपदाबाईला वाटलं. तेव्हापासून ते जबडे पुसताना मालूचे ती सगळ्यांच्या मागे सारून ठेवी.

झाकलं होतं ते असं. मालूला तान्हेपणी वरचे दात आधी आले. वरचे आधी आले की मामाला जड, हे का कुणी सांगायला हवं? मामाला बोलवायचं, त्याच्या हातून उतारा करायचा, झालं. पण पोरगी झाली म्हणून सासू आधीच धुसफुसत होती. धुरपदाबाईनं विचार केला, आठ दिवसांत खालचेही येतील, कशाला बोभाटा? आणि तेराव्या दिवशी माहेराहून, फोपनारहून, सांगावा आला. कौतिक, तिचा एकुलता भाऊ, केळीच्या बागेत साप चावून गेला होता.

त्याची बायको रंभाबाई तेव्हा अवघी वीस वर्षांची. ती अजूनही दर बाजाराच्या दिवशी मालूसाठी केळी घेऊन यायची. धुरपदाबाईला माहेर म्हणून उरलं होतं ते एवढंच. हिला कळलं तर?

त्या दिवशीही रंभाबाई येऊन शाळेच्या ओट्यावर बसली होती. आत मालूच्या तोंडात गोळा दाबलेला. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे शेवटचंच वर्ष. राज्यांची नवी वाटणी होऊन बुऱ्हाणपूर नागपूरकडून भोपाळकडे जाणार म्हणतात, मग आम्हाला इकडे कोण पाठवणार?"

सुटले रे देवा, असं धुरपदाबाई मनात म्हणते न म्हणते तोच डॉक्टरांनी नवा कागद पुढे ओढला. "यंदा प्रत्येकीच्या आईला एक विचारतोय. हिला आधी कुठले दात आले होते? वरचे की खालचे?"

धुरपदाबाईनं घाईघाईनं पाण्याचं पातेलं उचललं. "खालचे," ती कशीबशी म्हणाली.

"खोटं काहून सांगता, अक्का?" ओट्यावरून रंभाबाईचा आवाज आला. "वरचे आले होते."

धुरपदाबाईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. पाणी साऱ्या फरशीवर.

रंभाबाई उठून दारात आली. "तवा तुमचे भाऊ भेटाले आले होते ना? पोरीले हसवता हसवता त्यायनं पाहिले होते. मले म्हणे, अक्काले बोलू नको, उगाच भिऊन जाईन ती."

"त्याला... त्याला माहीत होतं? आणि तुलाही? तरी तू तेरा वर्षं येत राहिलीस?"

"मंग? न येऊन काय करू?"

धुरपदाबाई मटकन खाली बसली आणि भावाच्या नावानं हंबरडा फोडून रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "लिहा साहेब. वरचे."

डॉक्टरांनी ठसा बाहेर काढला. मालूनं सगळं ऐकलं होतं. ती पांढरीफटक पडली होती. तिनं विचारलं, "मामी, मामा माझ्या दातांनी मेला?"

रंभाबाईनं केळ सोलून तिच्या हातात दिलं. "सापानं मेला, पोरी. खा."