एस.टी. अडवणारं आमचं शेत

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाला एक रस्ता मिळाला आणि एक मी मिळालो. रस्ता गावच्या बायाबापड्यांनी उन्हात खडी फोडून केला. मी नगरचं कॉलेज अर्धवट टाकून आलो होतो. दीड वर्ष पोरांच्या एका संघटनेसाठी पत्रकं लिहिल्यामुळे 'जाहीर निषेध' हे शब्द माझ्या हाताला आपोआप येत. घरच्यांना पाठवलेल्या पत्रातसुद्धा ते एकदा आले होते.

रस्ता शेवगावच्या सडकेवरच्या फाट्यापासून गावापर्यंत, तीन मैल. रस्ता झाला म्हणजे एस.टी. येणार असं सगळ्यांनी धरलं होतं. ती आली नाही. आम्ही पाच-सहा पोरं आगारप्रमुखांकडे जाऊन बसलो. ते भले गृहस्थ होते, पान लावता लावता म्हणाले, "गाडी आज सोडतो. पण ओढ्यातल्या फरशीपुलावर वळवाच्या एका सरीत गुडघाभर गाळ आला, मी डोळ्यांनी पाहिला. गाडी रुतली तर?"

"गाव ढकलंल," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"रोज?"

त्यावर मी एक घोषणा दिली.

या एस.टी.ची सगळ्यात जास्त गरज माझ्या धाकट्या बहिणीला होती. गावची शाळा सातवीला संपायची आणि आठवीला शेवगावला जायचं हे तिनं कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. आईची अट एकच. "यष्टी गावात आली तर जा. ओढ्यातनं एकटी पोर मी सोडायची न्हाई." म्हणजे जूनपर्यंत गाडी, नाहीतर चूल.

मग मी गाळाच्या मागे लागलो. ओढ्याच्या वरची सगळी चढण उघडी होती, एकाही शेतात बांधबंदिस्ती, सरकारी भाषेत बंडिंग, नव्हती. दुष्काळी कामावर हजारो हात होते आणि सरकार त्यांच्याकडून नुसती खडी फोडून घेत होतं. फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याकडेला पिरॅमिडसारखे उभे, आणि माती चालली ओढ्यानं गोदावरीला. मी पत्रक काढलं: 'माती अडवा, एस.टी. सोडा! बंडिंगला निधी द्या!' तालुक्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर आम्ही इतक्या वेळा बसलो की शिपाई आम्हाला "आज उशीर केला" म्हणायचा. शेवटी कंटाळून म्हणा की पटलं म्हणून म्हणा, पण निधी मंजूर झाला. माझ्या आयुष्यातला तो पहिला विजय. आठ दिवस टिकला.

नवव्या दिवशी बंडिंगवाले आले. तीन पायांची दुर्बीण लावून त्यांनी चढणीवर फक्कीची पांढरी रेघ ओढायला घेतली. रेघ नागासारखी वळत आली आणि थेट आमच्या शेतात शिरली. तिथून चुलत्याच्या.

इथं सांगायला हवं की माझे वडील, म्हणजे आबा, आणि त्यांचा धाकटा भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वाटणी झाली त्या दिवसापासून बोलणं बंद. मधे दगडमातीचा बांध, सरळ, चढणीवरून खाली ओढ्यापर्यंत. दरसाल दोघंही आपापल्या बाजूनं तो उंच करत. काही कळवायचंच असेल तर दोघं आपापल्या बैलाला सांगत, आणि दुसऱ्यानं ते ऐकावं अशी अपेक्षा असे.

"रेघ वाकडी का?" आबांनी विचारलं.

"जमीन वाकडी आहे म्हणून," बंडिंगचे साहेब म्हणाले. "पाणी अडायचं तर बांध एका पातळीत लागतो."

"आमचा बांध हाय की सरळ. त्याच्यावरच घाला."

"बाबा, तुमच्या त्या बांधाला लागूनच तर पाणी पळतं. सगळ्या गावच्या मातीला वाट तुम्हीच करून दिलीय."

साहेबांनी दोन कागद काढले. दोन्ही शेतांची संमती लागत होती. आबा म्हणाले, "त्याची सही दिसू द्या, मग मी करतो." पलीकडून चुलते बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आमी काय पहिली सही करनारे वाटलो व्हय रे?" साहेब दोन दिवस या बांधावरून त्या बांधावर हिंडले.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या अकलेप्रमाणे वागलो. पत्रक छापून आणलं: 'गावची एस.टी. दोन भावांच्या हट्टाखाली!' नावं घातली नव्हती. घालायची गरजही नव्हती. मास्तरांनी ते पारावर मोठ्यानं वाचलं, वर शुद्धलेखन चांगलं आहे असा शेराही दिला.

दिवेलागणीला आबा आणि चुलते दोघं मिळून दारात आले. आईच्या हातातलं ताट खाली पडलं.

"हे कार्टं तुझंच ना?" चुलत्यांनी विचारलं. बैलाला नाही, थेट आबांना.

"माझंच," आबा म्हणाले. "शिकवलं ना, म्हनून."

"लई शिकवलंस."

"चुकलं खरं."

सहा वर्षांनी झालेलं हे बोलणं. मग दोघांनी मला बसवलं आणि बंडिंगविरुद्ध अर्ज लिहायला सांगितला. दोघांनाही सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं आणि घरात लिहिणारा मीच. मी लिहिला. आता सांगायला लाज वाटते, पण अर्ज चांगला उतरला. 'जाहीर निषेध' दोनदा आलं. खाली दोघांनी शेजारी शेजारी सह्या केल्या. बंडिंगवाल्यांनी दुर्बीण गुंडाळली आणि ते निधीसकट पुढच्या गावाला गेले.

बहीण कोपऱ्यात सगळं बघत होती. म्हणाली, "दादा, तुझ्या एका पत्रकानं सहा वर्सांचं भांडन मिटलं. माझी शाळा तेवढी गेली."

मी रात्रभर नवीन पत्रकाचा मथळा शोधत होतो. ती सकाळी उठून चुलत्यांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"काका, जूनपास्नं मला फाट्यापतूर सोडाल का? आबा म्हनत्यात वेळ न्हाई."

आबा असं काही म्हणाले नव्हते. चुलते मात्र खूश. भावाला जमत नाही ते आपण करतो, याहून मोठं सुख त्यांना ठाऊक नव्हतं. आबांना कळल्यावर ते संतापले. "माझी पोरगी मी सोडीन!" शेवटी एक दिवस हे, एक दिवस ते असं ठरलं. सोबतीला माणूस आहे म्हटल्यावर आईनं अट सोडली, आणि बहिणीचं नाव आठवीत घातलं गेलं.

त्या वर्षी पाऊस मात्र झाला. ओढा भरून आला. दोघं भाऊ आळीपाळीनं तिचं दप्तर डोक्यावर घेऊन, वहाणा हातात धरून गाळ तुडवू लागले. पहिल्या महिन्यात तिची नऊ दिवस शाळा बुडाली. एकदा चुलते मांडीपर्यंत रुतले. बाहेर येऊन त्यांनी पायाचा चिखल खरवडला, बोटांत चोळून पाहिला. चुनखडीचे बारीक खडे लागले. गावात तसली माती एकाच तुकड्यात होती, वाटणीआधीच्या आमच्या शेतात.

दुसऱ्या दिवशी आबांची पाळी. चुलतेही बरोबर निघाले. ओढ्यात उभं राहून म्हणाले, "ही बघ. ह्यात शेनखत टाकलंवतं आपुन. बरोबर हुतो तवा."

आबांनी वाकून चिमूटभर गाळ उचलला, बोटांत चोळला. मग म्हणाले, "लई टाकलंवतं."

हे मला बहिणीनं सांगितलं. त्याच दिवशी दोघं तिच्यामागोमाग फाट्यावर शेवगावच्या एस.टी.त चढले, वेगवेगळ्या बाकांवर बसले आणि तालुक्याला जाऊन संमती देऊन आले. मला नेलं नाही. "तू ऱ्हा घरी," आबा म्हणाले होते. "आलास की काहीतरी लिवशील."

निधी पुढच्या गावात खर्ची पडला होता. तो पुन्हा मिळवायला मात्र मी लागलो. तालुक्याला खेपा घालून घालून माझ्या वहाणेचा तळ गेला, आणि शिपाई पुन्हा "आज उशीर" म्हणू लागला. बाजरी निघाल्यावर बंडिंग झालं. वाटणीचा बांध तीन जागी फोडावा लागला. फोडताना दोघं भाऊ पाठ फिरवून बसले होते, पण बसले एकाच झाडाखाली. फरशीवरचा गाळ गावानं उपसला. संक्रांत झाल्यावर एस.टी. गावात आली.

बहीण पुढच्या बाकावर, मांडीवर दप्तर. बाहेर सगळं गाव जमलेलं. असा जमाव मला परत कुठं मिळणार होता? मी गाडीच्या पायरीवर चढलो, कंडक्टरला हातानं थांबवलं आणि "बंधूंनो" म्हणालो.

"दादा," बहीण आतून म्हणाली, "उतर खाली. पयला तास गनिताचा हाय."

मी उतरलो.