उजव्या अंगाला कलणारी बोट

धक्क्याला बांधलेली असली की बोट गरीब गाईसारखी सरळ उभी राहायची. सावकाश हाकली तरी तिची काही तक्रार नसे. पण भगवंतराव मोहोडांनी वेग वाढवला, बोटीचं नाक वर आलं, की ती उजव्या अंगाला कलायची. इतकी, की डावीकडे बसलेल्या बाया ‘वं माय!’ म्हणून एकमेकींचे दंड धरायच्या आणि लेकरं आनंदानं किंचाळायची.

चांदूर रेल्वेच्या पुढच्या त्या तळ्यावर बोटिंग सुरू झालं, तेव्हापासून चालक म्हणून भगवंतरावच होते. रविवारी अमरावतीची माणसं डबे घेऊन यायची, केशरी जॅकेटं चढवून एक फेरी मारायची, फोटो काढायची. मधल्या वारी तळ्यावर बगळे आणि भगवंतराव.

बोटिंगचा कारभार शेखर पाहायचा. तोंडाचा फटकळ, पण मनानं वाईट नव्हता.

“काका,” एका सोमवारी तो म्हणाला, “बोट कलते का तुमी कलता, थे एकडाव पाहून घ्या. दिवाळीची गर्दी व्हायच्या आत समजलं पाह्यजे. नाही तं मी तुमच्या जागी अमोलले बसवतो.”

भगवंतराव हसले. पण ते वाक्य दिवसभर घशात अडकलेल्या काट्यासारखं राहिलं. उन्हाळ्यात नातीच्या, इशिताच्या वाढदिवसाला ते अकोल्याला मुलाकडे, किशोरकडे, गेले होते, आणि तिथंच त्यांना झटका आला होता. डावा हात लुळा पडला, तोंड जरा वाकडं झालं. तोंड महिन्याभरात सरळ झालं. हातही सुधारला, निदान गावात त्यांनी तसंच सांगितलं. किशोर म्हणत होता, आता इथंच राहा. पत्नी वच्छलाबाई तर तिथंच होत्या. सूनबाईची, आचलची, बाळंतपणाची सुटी संपल्यावर त्या इशिताला सांभाळायला गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. भगवंतराव ‘दोन दिवस घर पाहून येतो’ म्हणून निघाले आणि परत गेले नाहीत.

म्हणून बोट का कलते हे त्यांना कळायलाच हवं होतं. कलणारी बोट दुरुस्त होते. कलणाऱ्या माणसाला मुलाच्या घरी नेऊन ठेवतात.

त्यांनी बोट काठावर ओढून घेतली. नेहमीच्या शिस्तीनं आधी आतलं सगळं सामान बाहेर काढलं, मग तळाचं बूच उघडलं. आत पाणी मुरलं असेल तर गळेल. चमचाभरही गळलं नाही. बोटीच्या पोटावर दोन्हीकडून टिचक्या मारून पाहिल्या, मडकं वाजवून घ्यावं तशा. दोन्हीकडे आवाज एकच. इंजिनाचे बोल्ट आवळले. पंख्यात वेल अडकला होता, तो सोडवला. पंख्याच्या वर एक छोटा पत्र्याचा पर असतो. तो वाकडा बसला तरी बोट एकीकडे ओढते. तो सुतासारखा सरळ होता. मग सामान पुन्हा जागच्या जागी ठेवलं, बोट पाण्यात लोटली, वेग वाढवला. कलली.

दुसऱ्या माणसाला चालवायला लावून आपण काठावरून पाहावं, म्हणजे बोट आणि माणूस यांतला फरक कळेल, हे त्यांना सुचलं होतं. पण दुसरा माणूस म्हणजे अमोल. अमोलच्या हातात बोट सरळ चालली तर? त्यांनी ते सुचलंच नाही असं धरलं.

रात्री व्हिडिओ कॉलवर इशिता फोन चाटायची, मग पडद्यावर नुसतं घराचं छत दिसायचं, आणि छतामागून वच्छलाबाईंचा आवाज यायचा, “जेवले का?” ते छताला सांगायचे, “हाओ.”

दिवाळीच्या आधी घर झाडायला आणि मुगाची डाळ न्यायला वच्छलाबाई दोन दिवसांसाठी आल्या. पदर खोचून स्वयंपाकघरात शिरल्या आणि दारातच थांबल्या.

ओट्याच्या उजव्या टोकाला सगळा संसार गोळा झाला होता. चहा, साखर, मीठ, तेलाची बरणी, गोळ्यांच्या पट्ट्या, काडेपेटी, फोनचं चार्जर, सगळं एकावर एक. डावा अर्धा ओटा कोरा. त्यावर धूळसुद्धा नीट पसरलेली.

“हे काय मांडून ठेवलं? दुकान हाय का?”

“एकट्याले काय लागते. हाताशी बरं पडते.”

वच्छलाबाईंनी पुटपुटत सगळं जुन्या जागी लावलं. संध्याकाळी भगवंतराव चहा करायला उठले. साखरेचा डबा आता डावीकडच्या फळीवर होता. त्यांनी डावा हात उचलला, खांद्यापर्यंत नेला, आणि अंगावरची माशी हाकलायची होती अशा थाटात खाली आणला. मग पूर्ण वळून, भिंतीकडे तोंड करून, उजव्या हातानं डबा काढला.

वच्छलाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी पाहिलं आणि पुन्हा मेथीत मान घातली.

बोट कलते हे गावात त्यांच्या कानावर आलंच होतं. सकाळी त्या म्हणाल्या, “मले दाखवा, तुमची बोट कशी कलते थे.”

“तू बसशीन? आजवर तं पाण्याले भेत होतीस.”

“भ्या अजूनही हाय. पण पाहू द्या.”

केशरी जॅकेट घालून त्या डाव्या बाकावर बसल्या. एका हातानं काठ घट्ट धरला, दुसऱ्यानं डोक्यावरचा पदर. तळ्याच्या मध्यावर भगवंतरावांनी वेग वाढवला. बोट उचलली गेली, कलली; वच्छलाबाईंची बाजू वर आली.

“थांबवा!”

“भेलीस?”

“नाही. मले एक सांगा, माह्या अंगाले काहून काहीच नाही? पेट्रोलची टाकी तुमच्या पायाशी. बॅटरी तुमच्या मांडीशी. थो लोखंडाचा नांगरही तिथंच. अन् वरून तुमी! घरच्या ओट्यावरही असंच मांडलं होतं.”

भगवंतरावांनी खाली पाहिलं. टाकी पूर्वी डावीकडेच असायची. टाकीच्या नळीवर रबरी फुगा असतो. तो दाबून पेट्रोल इंजिनापर्यंत चढवावं लागतं. अकोल्याहून आल्यावर डाव्या हातानं फुगा दाबला जाईना, म्हणून टाकी तात्पुरती उजवीकडे घेतली. मग तारा पुराव्यात म्हणून बॅटरी. मग नांगर. एकेक करून, वेगवेगळ्या आठवड्यांत. तपासायला बोट काढली की पहिलं काम सामान उतरवायचं, म्हणजे बिघाडच आधी बाहेर काढून ठेवायचा, आणि रिकामी बोट तासन्‌तास ठोकून पाहायची! धक्क्याला ही बोट रुंद तळावर पसरून बसते, तिथं तेवढं वजन कळत नाही. वेगात ती तळाच्या मधल्या अरुंद कण्यावर पळते, तेव्हा दाखवते.

वच्छलाबाईंनी पदर खोचला, डगमगत उठल्या आणि टाकी आपल्याकडे ओढली. बॅटरी दोघांनी मिळून सरकवली. नांगर त्यांनी एकटीनं उचलला. “दळणाचा डबा याच्यापेक्षा जड असते,” म्हणाल्या. मग भगवंतरावांनी वेग वाढवला आणि बोट पाटावर ठेवल्यासारखी सरळ पळाली.

“पाह्य! पाह्य!” भगवंतराव ओरडले.

“पाहून राहिली. हळू हाका, मी काही पळून नाही चालली.”

पण दुपारच्या एसटीनं त्या गेल्या. आचलची सुटी एवढीच होती.

शेखर खूश झाला. “सापडला ना बिघाड! झालं तं मंग. अमोलले नाही म्हणून सांगतो.”

एवढ्यावर गोष्ट मिटली असती. पण दुसऱ्या दिवशी भगवंतराव एकटेच बोट घेऊन मध्यावर गेले आणि त्यांनी मुद्दाम इंजिन बंद केलं, पेट्रोलची नळीही काढून टाकली. रविवारी मधेच इंजिन बंद पडलं तर काय, हे पाहायचं होतं. वारा टेकडीकडून बांधाकडे होता. नळी परत बसवून फुगा दाबायचा, जमलं नाही तर नांगर टाकायचा; सगळं आता डावीकडे. त्यांनी डावा हात खाली नेला. बोटं फुग्याभोवती गेली, पण मिटली नाहीत. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, लहान लेकराला समजवावं तसं हाताला मनातल्या मनात समजावलं. मग जागा सोडून उठले, वळले, गुडघ्यावर बसून उजव्या हातानं सगळं केलं. तोवर बोट आडवी होऊन बांधाच्या दगडांपाशी आली होती. इंजिन सुरू झालं तेव्हा दगडावरचं शेवाळ स्पष्ट दिसत होतं.

ते धक्क्यावर आले. शेखर तिकिटाच्या खोपटात मोबाइल पाहत होता.

“अमोलले बसव,” ते म्हणाले.

“काहून? बोट तं सरळ झाली.”

“बोट झाली. माह्या डाव्या हातानं काही धरवत नाही.”

शेखरनं मोबाइल खाली ठेवला. हळूच म्हणाला, “काका, मी कोणाले सांगत नाही. सामान परत तुमच्या अंगाले घ्या. थोडी कलली तं कलली.”

एवढ्या मायेनं तो पहिल्यांदाच बोलत होता.

“टाकीसाठी आख्खी बोट कलवली म्या,” ते म्हणाले. “अन् आत लेकरं असतात रे. अमोलले बोलाव. त्याले सामान कुठं ठेवायचं थे दाखवून देतो.”

अमोल आला. त्याला एकदा दाखवलेलं पुरलं. तो एकटा मध्यापर्यंत गेला आणि वेगात परत आला, बोट सरळ, मागे पाण्याची पांढरी रेघ. शेखरनं टाळी वाजवली. भगवंतरावांनी धक्क्यावर पडलेली जॅकेटं एका हातानं गोळा करून खुंटीला लावली, आणि लावून झाल्यावर तळ्यावर करण्यासारखं त्यांना काही उरलं नाही.

घरी येऊन त्यांनी अकोल्याला फोन लावला. पडद्यावर छत आलं.

“येतो मी,” ते छताला म्हणाले. “नुसतं दिवाळीले नाही. कायमचा राहालेच.”

पलीकडे कुकरची शिट्टी वाजली. मग वच्छलाबाई म्हणाल्या, “बरं.” मग विचारलं, “तुमची खाट कुठं टाकू? आचल विचारून राहिली. हॉलात का बाल्कनीत?”

“बाल्कनीतून काय दिसते?”

“काय दिसन? समोरच्या बिल्डिंगीचे पाइप.”

“मंग हॉलात टाक,” भगवंतराव म्हणाले.