घंटेनंतरची प्रार्थना

यन्सिलच्या हातात आरी, म्हणजे वामी ठोकायचा लोखंडी टोचा, असली की बाजारात तिच्याशी कोणी वाद घालत नसे. जिवंत वाम डाव्या हाताने धरायची, फळीवर आपटायची, डोळ्याच्या मागून आरी आरपार घालून फळीत ठोकायची, मानेभोवती सुरी फिरवायची आणि एका हिसक्यात कातडं शेपटीपर्यंत सोलायचं. सोललेली वाम तरीही वळवळत राहते. पंधरा सेकंदांत एक. १९८८ साली मी मच्छीमार सहकारी संस्थेत कारकून म्हणून लागलो, तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. आमच्या बंदराच्या बाजारात तिच्याइतका वेगवान हात दुसरा एकच होता, शेजारच्या गाळ्यावरच्या तोकजाचा.

तिच्याशी वाद घालणारीही ती एकटीच. तोकजा तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, विधवा, आणि टेकडीवरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सेविका. यन्सिलही आमच्याच मंडळीतली. रविवारी दोघी एका बाकावर बसून गात आणि सोमवार ते शनिवार भांडत. भांडणाचं कारण पाणी. गल्लीला उतार असल्यामुळे तोकजाच्या फळीखालचं रक्ताचं पाणी वाहत यन्सिलच्या पायांशी येई.

"तोकजाताई, तुझी घाण माझ्या बुटांत शिरतेय!"

"मग पाय वर घेऊन बस. राणीसारखी."

"राणी नसेन, पण तुझ्यासारखी डुकरीणही नाही."

"रविवारी मांडीला मांडी लावून बसतेस तेव्हा नाही गं येत वास?"

गल्ली हसायची. एखाद्या दिवशी दोघी भांडल्या नाहीत तर लोक विचारायचे, कोण आजारी आहे?

त्या वर्षी नोव्हेंबरात यन्सिलला पाचवा महिना होता आणि बाजारात ते कोणालाच माहीत नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आधीची दोन तिसऱ्या महिन्याच्या आतच गेली होती. म्हणून या वेळी तिने ओठ शिवून घेतले होते. रबरी एप्रनखाली काय आहे ते फक्त तिच्या नवऱ्याला, सोकचेला, पत्रातून कळलं होतं. तो दूरच्या समुद्रात माकूल मासळी पकडणाऱ्या बोटीवर होता.

चौदा नोव्हेंबर, सोमवार. त्या दिवशी यन्सिल पहाटेच्या प्रार्थनेला आली नाही. सहा वाजता थेट बाजारात आली. चेहरा राखेसारखा, आणि आल्यापासून जो समोर येईल त्याच्यावर वसकन ओरडत होती. तोकजाने नेहमीसारखा पाण्याचा पाइप सोडला. यन्सिलने आतड्यांनी भरलेली बादली उचलली आणि तिच्या तोंडावर फेकली. तोकजाने डोळे पुसले, पुढे आली आणि दोन्ही हातांनी तिला ढकललं. यन्सिल मागच्या मागे सिमेंटच्या हौदाच्या कडेवर पडली.

ती उठली नाही. खालून पाणी लाल वाहू लागलं, पण बराच वेळ कोणी बघितलं नाही. त्या गल्लीतलं पाणी लालच असतं.

मुलगा होता. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली. दारातच थांबून, गल्लीतल्या बायकांच्या देखत ती म्हणाली, "तोकजानं माझं पोर मारलं. मी तिला सोडणार नाही. वामीसारखी फळीला ठोकीन." ती रडली नाही. बायकांना भीती वाटली ती त्याचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात टॉवेलात गुंडाळलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. आत समुद्री शेवाळाचं सार, वाफाळतं. आमच्याकडे बाळंतिणीला एकवीस दिवस हेच देतात. रक्त भरून येतं, कंबर धरून राहते. तोकजाच्या मनात एवढंच होतं: अंगातून रक्त गेलंय, ते भरायला हवं. मूल आहे की नाही याचा विचार तिने केलाच नाही. जन्मभर भांडं भरून दारात ठेवणं हीच तिची क्षमा मागायची पद्धत होती.

यन्सिलने झाकण उघडलं. आणि लाथ घातली.

तिच्या घराला चाळीस पायऱ्या होत्या. पातेलं एकेका पायरीवर आपटत खाली गेलं, शेवाळ जिन्यावर हिरव्या केसांसारखं पसरलं. "मूल पुरलं आणि बाळंतिणीचं सार पाठवते! थट्टा करते माझी!" तिचा आवाज धक्क्यापर्यंत ऐकू आला. तोकजा जिन्याखाली आली, पातेलं उचललं, आत मुठीने ठोकून पोचा थोडा सरळ केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पातेलं पुन्हा दारात. पुन्हा लाथ. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

सातव्या दिवशी सोकचे परतला. जिन्यात पाय घसरून तो शेवाळावरच पडला. वर बायकोने सगळं सांगितलं. तो जेवला नाही, बूटही काढले नाहीत. बोटीवरचा मोठा हातोडा घेऊन बाजारात आला आणि तोकजाच्या काचेच्या टाक्या फोडायला लागला. एक, दोन, तीन. दोनशे वामी गल्लीत सांडल्या. लोक त्यांच्यावरून घसरून पडत होते, काचा पायांत घुसत होत्या, कोणी ओरडत होतं, कोणी फुकटचा मासा बादलीत भरत होतं. तोकजा हात बांधून उभी होती.

"कोपऱ्यातली राहिली," ती म्हणाली.

सोकचेने तीही फोडली. मग हातोडा टाकून तो त्या वळवळत्या ढिगात बसला आणि गुरासारखा ओरडला. संस्थेच्या दोघा-तिघांनी मिळून आम्ही त्याला उचललं. त्याचा तळहात कापला होता, पण त्याला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा दारात.

यन्सिलने पहाटेची प्रार्थना सोडली, रविवारची उपासनाही सोडली. मंडळीचे पाळक, नाम आडनावाचे, दोनदा पायऱ्या चढून गेले. पहिल्यांदा तिने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं आणि म्हणाली, "तुमच्या देवाला सांगा, त्यानं स्वतः यावं. माणसं पाठवू नयेत." पाळक म्हातारे, धापा टाकत होते. "सांगतो," एवढंच म्हणून ते उतरले.

एकविसाव्या दिवशी, आठ डिसेंबरला, यन्सिलने पातेल्याला लाथ मारली नाही. उचललं आणि पायऱ्या उतरू लागली. गल्लीतल्या बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. कोणाला वाटलं, मिटलं वाटतं. ती तोकजाच्या गाळ्यापाशी आली, पातेलं फळीवर ठेवलं. तोकजाचा उजवा हात फळीवर होता, ओला, बोटं पसरलेली.

"मला बाळंतीण म्हणतेस?" यन्सिल म्हणाली. "मग बाळ दे."

एप्रनच्या खिशातून आरी निघाली. पंधरा सेकंदही लागले नाहीत. आरी तळहातातून आरपार जाऊन फळीत रुतली. तोकजा किंचाळली नाही. तिचे गुडघे वाकले आणि ती हाताने लटकल्यासारखी फळीला टांगून राहिली. पातेलं कलंडलं, सार आणि रक्त एकत्र गल्लीच्या उताराने निघालं, यन्सिलच्या बुटांकडे.

आरी उपसायला दोन माणसं लागली.

पोलीस आला. तरुण होता, वही घेऊन दवाखान्यात बसला.

"कोणी केलं?"

"वाम निसटली. माझाच हात चुकला," तोकजा म्हणाली.

"आरी उजव्या हातातून गेलीय. म्हणजे तुम्ही डावखुऱ्या?"

"आजपासून."

"बाजारात पन्नास माणसं होती, काकू."

"मग त्यांना विचार. तूही विचार, मीही विचारते, बघू कोण काय सांगतं ते."

त्याने विचारलं. पन्नास माणसांपैकी कोणीच काही पाहिलं नव्हतं. दाराशी यन्सिल उभी होती, मनगटं पुढे करून, बेड्या पडायची वाट बघत. पोलीस वही मिटून तिच्या शेजारून निघून गेला. ती तशीच हात पुढे करून उभी राहिली. मग घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता ती टेकडी चढून प्रार्थनेला आली. मी दारात रॉकेलचा स्टोव्ह पेटवत होतो. "देवाला जाब विचारायला आलेय," ती म्हणाली. "कोणी मध्ये आलं तर याद राखा."

आमच्या देवळात चित्र नाही, नुसता लाकडी क्रूस. पुढे तिसऱ्या बाकावर तोकजा बसली होती, हाताचं पांढरं गाठोडं मांडीवर. यन्सिल तिच्या मागे एक बाक सोडून बसली.

पहाटेची आमची प्रार्थना शांत नसते. पाळक विषय सांगतात, सगळे हात वर करतात, तीनदा ओरडतात, "प्रभू! प्रभू! प्रभू!" आणि मग शंभर माणसं एकाच वेळी आपापली प्रार्थना घसा फाडून करतात. कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, म्हणूनच माणूस तिथे मनातलं सगळं ओकतो. कोणी छाती बडवतं, कोणी बाकावर मुठी आपटतं. पाळकांपाशी छोटी पितळी घंटा असते. ती वाजली की शंभर आवाज एका क्षणात थांबतात. लहानपणापासूनची सवय असते, कानाच्या आधी जीभ थांबते.

त्या दिवशी घंटा वाजली आणि नव्व्याण्णव आवाज थांबले.

यन्सिलला घंटा ऐकू आली नाही. डोळे घट्ट मिटून, दोन्ही मुठी पुढच्या बाकावर आपटत ती ओरडत होती. "सकाळपासून रक्त जात होतं! चार वाजल्यापासून! तिनं ढकलायच्या आधीपासून! तुला माहीत होतं, मला माहीत होतं! मग तिचा हात का—"

इथे तिला शांतता ऐकू आली. तिने डोळे उघडले.

स्टोव्हची फरफर तेवढी चालू होती. पाळकांचा हात घंटेवरच राहिला. तोकजा उठली. बाकांमधल्या वाटेने मागे आली आणि यन्सिलसमोर उभी राहिली.

"किती वाजता?"

यन्सिलने मुठी बाकावरून मागे घेतल्या.

"रक्त, गं. किती वाजता?"

"चारला."

"आणि सहाला तू बाजारात आलीस. वामी सोलायला. मला एक शब्द नाही."

तोकजाने तिच्या थोबाडीत मारली, डाव्या हाताने, अशी की यन्सिलचं डोकं बाकाच्या पाठीवर आदळलं. मग विसरून उजव्या हातानेही मारली. दोघी एकदम किंचाळल्या. पट्टीतून रक्त आलं आणि यन्सिलच्या गालावर पसरलं. मंडळीचे दोघे वडील, म्हणजे कारभारी, धावले. तोकजाने खांद्याने त्यांना मागे लोटलं.

"मूर्ख बाई! एक शब्द बोलली असतीस तर पाठीवर घेऊन दवाखान्यात पळाले असते मी!"

"घाबरले होते. आधीची दोन तशीच गेली होती. घरी एकटी बसवेना."

"म्हणून बादली फेकलीस?"

"हो."

"आणि एकवीस दिवस मला पोरमारी म्हणत राहिलीस?"

"हो."

तोकजाने सुटलेली पट्टी दातांनी आवळली. मग यन्सिलच्या बाकावर, तिला ढकलून जागा करून, शेजारी बसली. दुखरा हात वर धरून तिने पाळकांना सांगितलं, "पाळकसाहेब, ती घंटा खाली ठेवा. हिची प्रार्थना संपलेली नाही."

पाळक नामांनी घंटा उचलली आणि जमिनीवर ठेवली.

यन्सिलने एकटीने प्रार्थना केली, मोठ्याने, शंभर माणसांसमोर. आधी देवाला शिव्या दिल्या, बाजारातल्याच. कोणी कान झाकले नाहीत. मग आवाज बसला. मग तिने मुलाचं नाव घेतलं, हेसोंग. ठरवून ठेवलं होतं, कोणालाच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "हेसोंगला तू घे. मला सांभाळता आला नाही. आणि मलाही घे, मला माझीही भीती वाटतेय." मग ती रडली, चौदा नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. "आमेन" आम्ही सगळ्यांनी म्हटलं, पण बाहेर पूर्ण उजाडल्यावर.

पुढे एकदा मी तिला विचारलं होतं, त्या दिवशी नक्की काय झालं. ती फळी धूत होती. "तीन आठवडे मी खोटं बोलत होते आणि देवाला ते माहीत होतं," ती म्हणाली. "तरी त्यानं मला दारातून आत घेतलं. ज्याला सगळं माहीत आहे त्याच्यासमोर बसायला मिळालं की झोप लागते, रे. त्या रात्री मी झोपले."

ढकलल्यामुळे गेलं की आधीच जात होतं, हे डॉक्टरला विचारायला ती कधी गेली नाही. "विचारून काय करू? जे आहे ते आम्ही दोघींनी मिळून उचललंय."

तोकजाला पातेलं उचलता येत नव्हतं, म्हणून यन्सिल रोज सकाळी तिच्या घरी जाऊन सार पिऊ लागली. "एकवीस दिवस झाले की आता," पहिल्या दिवशी ती म्हणाली. "ते जिन्यानं प्यायले," तोकजा म्हणाली. "तू आज एकपासून मोज. गिळ." तोकजाच्या वामी दोन महिने यन्सिलने सोलल्या. टाक्यांच्या काचा सोकचेने बसवल्या. पुढे यन्सिलला मूल झालं नाही.

तोकजाची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. ती आता शहात्तरची आहे, यन्सिल सत्तरची. गाळे अजून शेजारी आहेत, उतार आहे तसाच आहे, आणि पाण्यावरून रोज एकमेकींचा उद्धार होतो.

पाळक नामांनंतर आमच्याकडे तीन पाळक आले. प्रत्येकाला आम्ही वडीलमंडळी पहिल्याच दिवशी सांगतो, पहाटे घंटा वाजवल्यावर लगेच पुढे बोलू नका, जरा थांबा. ते विचारतात, किती? नक्की सांगता येत नाही. सगळे थांबतात, पाचव्या बाकावर यन्सिलचा एकटीचा आवाज थोडा वेळ चालू राहतो, आता हळू, भाजीवाल्याशी बोलावं तसा. एक नाव ऐकू येतं. मग शेजारून तोकजा कोपर मारते.

"झालं का गं तुझं? पाय गारठले माझे."